तपासायची राहिलेली आठ घराणी

शनिवारी दुपारी बारा वाजता माझा फोन वाजला आणि स्क्रीनवर 'गद्रे काका घर' असं दिसलं. बेलव्ह्यूत बारा म्हणजे टेक्सासमधल्या अर्विंगला दोन, आणि शनिवारी दोन ही काकांची वेळ. आदल्या शनिवारी मी फोन उचलला नव्हता. त्याच्या आदल्या शनिवारी उचलला होता, पण "काका, कॉलवर आहे, नंतर करते" म्हणून ठेवला होता, आणि केला नव्हता. तेव्हा या खेपेला बोलणी खायची तयारी ठेवूनच फोन घेतला आणि त्यांना तोंड उघडू न देता म्हटलं, "बोला काका, पर्शियन आले की गेले?" पलीकडे शांत. मला वाटलं, चांगलेच रागावलेत. मग एका बाईचा आवाज आला. "वृंदा? धिस इज शर्मिला." शर्मिला म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी, शिकागोला असते, माझी तिची भेट इन मीन दोनदा झालेली. "बाबा गेले," ती म्हणाली. "थर्सडेला. दुपारी, खुर्चीत. शेजारच्या बाईंनी पाहिलं." मग म्हणाली, "त्यांच्या फोनमध्ये स्पीड डायलवर एक नंबरला तू आहेस. मी दोनवर." पर्शियन लोकांबद्दल मी काय विचारत होते, हे तिने विचारलं नाही...

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. गद्रे काकांना अर्विंगची मराठी माणसं ओळखायची ती जुने डॉक्टर म्हणून. मूळचे सांगलीचे. सत्तरच्या सुमारास लग्न करून थेट अमेरिकेत आले, पंचवीसेक वर्षं स्वतःचा छोटा दवाखाना चालवला, निम्म्या गावाच्या पोरांना तिथे टोचलं. मी ओळखते तो माणूस त्यानंतरचा. दवाखाना बंद झालेला, मालतीकाकू गेलेल्या, चार बेडरूमच्या घरात एकटा राहणारा, आणि इजिप्तच्या राजांची क्रमवार यादी करायला बसलेला. लोक मागून हसायचे. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मीही हसले होते.

मी नागपूरची. दोन हजार एकच्या शेवटी कंपनीने मला अर्विंगला पाठवलं, सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामाला. पहिली दोनेक वर्षं माझ्याकडे गाडी नव्हती. मंडळाच्या गणपतीला कोणीतरी राइड दिली म्हणून गेले, आणि राइड देणारं कुटुंब जेवून निघेपर्यंत अडकून पडले. मोदक झाले, आरत्या झाल्या, मग एका उंच, किंचित वाकलेल्या काकांनी पडद्यावर स्लाइड लावली: 'इजिप्तचे राजे, कोणानंतर कोण'. पंधरा मिनिटांत निम्मा हॉल रिकामा. पोरं पळाली, पोरांमागे आया पळाल्या, बाप्ये पार्किंग लॉटमध्ये जाऊन उभे राहिले. मी बसून राहिले, कारण मला जायलाच जागा नव्हती. काका मात्र भरलेल्या हॉलसमोर बोलावं तसं बोलत होते. पहिलं घराणं, दुसरं घराणं, तिसरं... शेवटी म्हणाले, "काही प्रश्न?" त्या शांततेची मला इतकी लाज वाटली की मीच हात वर केला. "काका, ही वर्षं तपासली कोणी?" माझ्या तोंडी दिवसभर हाच प्रश्न असतो, दुसरा सुचणार कुठून. काका म्हणाले, "मीच." मी म्हटलं, "मग ती तपासलेली नाहीत. ज्याने लिहिलं त्यानेच तपासायचं नसतं. आमच्याकडे चालत नाही ते." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, अपमान झाला म्हाताऱ्याचा. ते स्लाइडचं मशीन गुंडाळायला लागले.

पुढे पाच महिन्यांनी, फेब्रुवारीत, भारतीय किराणा दुकानात मी मेथीची जुडी उलटीपालटी करत उभी होते, तर मागून आवाज आला. "तपासनीस, शनिवारी काय करता?" आता खरं सांगायचं तर शनिवारइतका वाईट दिवस माझ्यासाठी दुसरा नव्हता. सोमवार ते शुक्रवार ऑफिस असतं, माणसं दिसतात. शनिवारी सगळं अर्विंग आपापल्या पोरांचं. कोणाचा बर्थडे, कोणाचा सॉकर, कोणाची बालविहारची शाळा. एकट्या बाईला कोणी मुद्दाम टाळत नाही, पण बोलवायचं सुचतही नाही कोणाला. चौतीस वर्षांची, लग्न न केलेली, पोर नाही, गाडी नाही. मी म्हटलं, "काही नाही करत, काका." ते म्हणाले, "मग दोनला तयार राहा. मी घ्यायला येतो. भात-आमटी आहे."

दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. दारापासून सुरू होऊन कॉरिडॉरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला, पांढऱ्या कागदाचा एकच एक लांबलचक पट्टा लावलेला. दवाखान्यात पेशंटला झोपवायच्या टेबलावर अंथरतात तो कागद. दवाखाना बंद केला तेव्हा त्याची गुंडाळ्यांची अख्खी खोकी गॅरेजमध्ये उरली होती. त्यावर काकांनी डॉक्टरी अक्षरात नव्हे, शाळामास्तराच्या सुवाच्य बाळबोध अक्षरात राजे मांडले होते. एक फूट म्हणजे पन्नास वर्षं. चपलांच्या कपाटापाशी पहिलं घराणं. बाथरूमच्या दाराआधी पिरॅमिड बांधणारं चौथं. पट्टा कॉरिडॉरमधून वळून अभ्यासिकेत जायचा, तिथून पाहुण्यांच्या खोलीत, आणि तिथे खिडकीपाशी तिसावं घराणं संपायचं. कागदाला चिकटपट्टी फक्त वरच्या कडेला लावलेली. एसी सुरू झाला की अडीच-तीन हजार वर्षं एकदम फडफडायची. "खालूनही चिकटवा ना," मी पहिल्या दिवशीच म्हटलं. "असू दे," काका म्हणाले, "तेवढाच घरात आवाज."

हे इजिप्तचं वेड मुळात काकांचं नव्हतंच. ते मालतीकाकूंचं. लग्नानंतर दोघं अमेरिकेला निघाले तेव्हा विमान कैरोला थांबलं, काही बिघाड म्हणून आठ तास थांबलं. नवी नवरी म्हणाली, आठ तास आहेत, पिरॅमिड बघून येऊ. काका म्हणाले, सामान आहे, कागदपत्रं आहेत, भलतं काही नको, पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ आली नाही. हॉस्पिटलातली रेसिडेन्सी, दवाखाना, शर्मिला, पेशंट. काकूंनी मात्र धरून ठेवलं. लायब्ररीतून पुस्तकं आणायच्या, आणि रात्रीचं जेवण वाढताना विचारायच्या, "अहो, यातलं कोणानंतर कोण, ते काही माझ्या डोक्यात राहत नाही. एकदा मला नीट मांडून द्या ना कागदावर." काका म्हणायचे, रिटायर झालो की देतो. रिटायर झाले, आणि दोन वर्षांत काकू गेल्या. हे काकांनी मला एकदाच सांगितलं, आमटीत लिंबू पिळताना, आणि लगेच म्हणाले, "चला, पाचवं घराणं."

आमची पद्धत ठरलेली. म्हणजे मीच ठरवली. लिहिणारे ते, म्हणून तपासणार मी. काका खुर्चीत पुस्तक घेऊन बसायचे आणि मोठ्याने वाचायचे, राजाचं नाव, राज्याची वर्षं, आधीचा कोण, नंतरचा कोण. मी भिंतीपाशी उभी राहून कागदावर बोट ठेवायची. वाचून झालं की नावापुढे ते निळ्या पेन्सिलीने एक खूण करायचे, आणि जुळलं असेल तर मी लाल पेन्सिलीने त्याशेजारी दुसरी. लाल खूण नसेल तर राजा कच्चा. या नियमावरून मी त्यांना छळलं खूप. एकदा ते चिडून म्हणाले, "अगं, मला दिसतंय ना बरोबर आहे ते." मी म्हटलं, "तुम्हाला दिसणारच. तुम्हीच लिहिलंय." मग निमूटपणे पुन्हा वाचलं त्यांनी. एका दुपारी दहा राजे झाले तर खूप. कारण मधे चहा, मधे माझ्या ऑफिसची रड, मधे वाद. दुसरा पेपी म्हणून एक राजा लहानपणी गादीवर बसला आणि परंपरा म्हणते चौऱ्याण्णव वर्षं राज्य केलं. आमच्या भिंतीवर त्या एकट्याने जवळजवळ दोन फूट जागा खाल्ली. आणि त्याच्या मागोमाग सातवं घराणं, ज्यात म्हणे सत्तर दिवसांत सत्तर राजे झाले. मी म्हटलं, "आमचे प्रोजेक्ट मॅनेजर." काका इतके हसले की त्यांना ठसका लागला, मी पाणी आणलं. त्या सत्तरांच्या जागी त्यांनी नुसते टिंब टिंब काढून ठेवले होते. त्यावरही मी लाल खूण केली.

माझी एक चूक सांगायलाच हवी, कारण काकांनी ती मला कधी विसरू दिली नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी शहाणपणा करायला गेले. म्हटलं, काका, हे सगळं एक्सेलमध्ये टाकून देते, बेरीज आपोआप होईल. टाकलं. तेराव्या घराण्यापासून सतराव्यापर्यंतची वर्षं एकाखाली एक मांडली, बेरीज केली, आणि घोषणा केली की तुमचा कागद चुकलाय, पट्टा पाहुण्यांच्या खोलीत संपणार नाही, खिडकीतून बाहेर पडून मागच्या अंगणातल्या पॅटिओत जाईल. काकांनी माझा प्रिंटआउट शांतपणे पाहिला. "तपासनीसबाई, ही घराणी एकापाठोपाठ एक झाली असं कोणी सांगितलं? उत्तरेत एक राज्य करत होतं तेव्हाच दक्षिणेत दुसरं. दोन माणसं एकाच वेळी जगली तर त्यांच्या वर्षांची बेरीज करायची नसते. शेजारी शेजारी मांडायची." माझा चेहरा उतरला. ते म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस, तुझ्या आधी मोठमोठी माणसं इथेच घसरलीत." पण पुढे तीन वर्षं, जरा कुठे मी त्यांची चूक काढली की म्हणायचे, "बघ हं, नाहीतर जाशील पॅटिओत."

त्यांच्या स्वयंपाकघरात दोन हजार दोनचं कॅलेंडर लटकलेलं होतं. मी पहिल्याच शनिवारी म्हटलं, काका, हे मागल्या वर्षीचं आहे, काढू का? "राहू दे." मग दिसलं, वरच्या कोपऱ्यात पेनाने लिहिलं होतं: 'मालतीबाईंचं वर्ष तेहतिसावं'. त्यावर त्यांनी समजावून सांगितलं. इजिप्तमध्ये आपल्यासारखा सलग चालणारा सन नव्हता. नवा राजा गादीवर आला की वर्ष पहिलं, मग दुसरं, तिसरं, तो असेल तोवर. तो गेला की मोजणी मोडायची आणि पुढच्याचं पुन्हा वर्ष पहिलं. म्हणून तर एवढी यादी करावी लागते, नाहीतर कोणतं पहिलं ते कळायचं कसं. काकूंनी हे कुठेतरी वाचलं, आणि तेव्हापासून गंमत म्हणून काका दर कॅलेंडरवर, लग्नापासून मोजून, त्यांच्या राज्याचं वर्ष घालायचे. "आता कोणाचं चालू आहे?" मी विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली. काका म्हणाले, "सध्या मधला काळ." पुस्तकांत तसं नावच आहे, एक मोठी सत्ता मोडली आणि दुसरी अजून उभी राहिली नाही, त्या दिवसांना. "गंमत म्हणजे," ते म्हणाले, "त्या काळातल्या माणसांना ठाऊक नव्हतं की आपण मधे आहोत. ती आपली जेवत होती, झोपत होती, शेतं करत होती. तुझं ग्रीन कार्ड कुठवर आलं?" मी म्हटलं, "लाइनीत आहे." ते म्हणाले, "म्हणजे तुझाही मधलाच काळ चालू आहे. बस, चहा टाकतो."

असे साडेतीन वर्षं शनिवार गेले. मी गाडी घेतली, लायसन्स काढलं, तरी दोनच्या ठोक्याला मी त्यांच्या दारात. भात-आमटी, कधी मी नेलेलं वांग्याचं भरीत. माझ्या बोलण्यात नागपुरी 'करून राहिले' आलं की ते माझी नक्कल करायचे, मी त्यांच्या सांगलीची करायची. पण त्या घरात शिरताना जी एक पोकळी अंगावर यायची, ती काही कमी व्हायची नाही. चार बेडरूमांपैकी दोन बंद. जेवणाच्या टेबलाला आठ खुर्च्या, त्यातल्या दोनच झिजलेल्या. मी निघाले की काका ड्राइव्हवेपर्यंत यायचे, आणि गाडी वळवताना मला आरशात दिसायचं, ते आत न जाता तसेच उभे आहेत. मी हात करायची. घरी येऊन मीही दिवा न लावता बराच वेळ बसायची. आम्ही दोघांनी एकमेकांना कधी म्हटलं नाही की फार एकटं वाटतं. म्हणायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा मधे राजे होते ना, त्यांच्याबद्दल बोलून निभायचं.

बावीस घराणी झाली आणि दोन हजार सहाच्या शरदात मला बेलव्ह्यूची नोकरी मिळाली. चांगली नोकरी, चांगली पोस्ट, नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. काकांना सांगितलं तेव्हा बाविसाव्यातला शेवटचा राजा चालू होता. त्यांनी आधी ते पूर्ण वाचलं. निळी खूण केली. मी लाल केली. मग म्हणाले, "छान. अभिनंदन. आठ राहिली." मी म्हटलं, "फोनवर करू की." ते म्हणाले, "कागद इथे, डोळे तिथे. कसं करणार?" फोटो काढून पाठवा म्हटलं, तर चोपन्न फुटांचा फोटो कोण काढणार. शेवटी मी शब्द दिला. "काका, थँक्सगिव्हिंगला येते. चार दिवस सुट्टी असते. आठच्या आठ घराणी संपवून टाकू." काकांनी माझी लाल पेन्सिल शार्पनरने टोक काढून ठेवली. माझ्यासमोर.

त्या वर्षी नवीन नोकरी म्हणून सुट्टी मिळाली नाही. पुढच्या वर्षी, म्हणजे गेल्या नोव्हेंबरात, तिकीट काढलं होतं. काकांनी फोनवर बेत सांगितला, गुरुवारी तेविसावं आणि चोविसावं, शुक्रवारी पंचविसावं, म्हणजे दक्षिणेकडून आलेले कुशचे राजे, ते जरा निवांत करायचे, शनिवारी सत्ताविसाव्यापर्यंत, म्हणजे इजिप्त जिंकणारे पर्शियन. पाहुण्यांची खोली झाडून घेतली म्हणाले, पांघरुणाला ऊनही दाखवलं. मंगळवारी ऑफिसात एक मोठा डिफेक्ट सापडला. माझ्याच टीमने सोडलेला. मी तिकीट कॅन्सल केलं आणि फोन केला. "काका, रिलीज अडकलंय. ख्रिसमसला नक्की." काका म्हणाले, "काम आधी. राजे काय, मेलेलेच आहेत, थांबतील." मी हसले. फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं, रागावले नाहीत म्हणून. हे लिहिताना माझी मला चीड येते. ख्रिसमसला मी नागपूरला गेले. जानेवारीनंतर त्यांचे फोन यायचे आणि मी घाईत असायची... ते विचारायचे, "तपासनीस, लाल पेन्सिल विसरलीस की काय?" आणि मी म्हणायची, "येते काका, येते."

शर्मिलाच्या फोननंतर दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने मी अर्विंगला गेले. अंत्यविधी झाले, माणसं आली, बरीच आली. ज्यांना त्यांनी लहानपणी टोचलं होतं ती आता आपली पोरं कडेवर घेऊन आली होती. सगळे गेल्यावर शर्मिला आणि मी कॉरिडॉरमध्ये उभ्या राहिलो. एसी सुरू झाला आणि कागद फडफडला. ती म्हणाली, "यू नो, मी विचारलंच नाही कधी हे काय आहे. आय थॉट, रिटायर्ड माणूस आहे, काहीतरी करतोय. आईसाठी होतं?" मी हो म्हटलं. तिला कैरोच्या आठ तासांची गोष्ट ठाऊक नव्हती. मी सांगितली. ती काकूंच्या झिजलेल्या खुर्चीत बसून खूप रडली, मग उठून म्हणाली, "मला देवनागरी नीट वाचता येत नाही. घर विकायला काढावं लागेल. तू घेऊन जाशील का हे? प्लीज."

तेव्हा मी बघत बघत चालत गेले. चपलांच्या कपाटापासून अभ्यासिकेपर्यंत प्रत्येक नावापुढे निळी आणि लाल, निळी आणि लाल. बाविसावं संपलं. पाहुण्यांच्या खोलीत, तेविसाव्यापासून पुढे खिडकीपर्यंत, प्रत्येक नावापुढे एकच निळी खूण. तिसाव्यापर्यंत सगळे राजे त्यांनी वाचून काढले होते, स्वतःच कागदाशी लावून पाहिले होते, आणि प्रत्येक निळ्या खुणेशेजारी बोटभर जागा सोडली होती. एवढ्या दीड वर्षात त्या जागेत स्वतः लाल खूण करून टाकणं काही अवघड नव्हतं. कोण बघणार होतं? पण नियम म्हणजे नियम. तेविसाव्या घराण्याच्या सुरुवातीला, कागदाच्या वरच्या कडेला, दोऱ्याने माझी लाल पेन्सिल बांधून ठेवली होती. टोक तसंच.

चिकटपट्ट्या मी नखाने एक एक करत काढल्या. कागद हलक्या हाताने गुंडाळताना तो उलटा झाला आणि मागची बाजू दिसली. काका एकदा सांगत होते की इजिप्तच्या राजांची जी एक फार जुनी यादी सापडली, ती एका सरकारी करांच्या जुन्या कागदाच्या मागच्या बाजूवर लिहिलेली आहे, कोणीतरी रिकामी जागा पाहून लिहून ठेवल्यासारखी. आमच्या कागदाच्या मागेही लिहिलेलं होतं. खालची कड मोकळी का ठेवायची ते मला तेव्हा कळलं. दर शनिवारी, मी घरी जायला निघून गेल्यावर, ते कड उचलून पेन्सिलीने दोन ओळी लिहायचे. पहिली, चपलांच्या कपाटामागची: 'वर्ष पहिलं, शनिवार पहिला. तपासनीस आली. घराणं पहिलं, तीन राजे. भात जास्त झाला.' पुढे, 'वर्ष पहिलं, शनिवार सोळावा. तपासनीस पॅटिओत गेली.' 'वर्ष दुसरं. तपासनीसने गाडी घेतली, मागे घेताना कुंडी फोडली.' 'वर्ष तिसरं. ताप होता तरी आली. रागावलो.' मी विचारलं होतं त्यांना, आता कोणाचं वर्ष चालू आहे, आणि ते मधला काळ म्हणाले होते. खोटं बोलले होते. कागदाच्या मागे मोजणी सुरू झाली होती, मी दारात उभी राहिले त्या दिवसापासून.

आणि मी गेल्यावर ती मोडली नव्हती. हेच मला सहन होत नाही. 'वर्ष चौथं. तपासनीस बेलव्ह्यूला गेली.' त्यानंतर नवीन वर्ष पहिलं नाही, मधला काळ नाही. 'वर्ष पाचवं. तेविसावं एकट्याने वाचलं. जागा सोडली आहे.' नोव्हेंबरच्या त्या गुरुवारी: 'वर्ष पाचवं. येणार होती. काम निघालं.' एवढंच, तक्रारीचा एक शब्द नाही. शेवटची नोंद मी फोन उचलला नाही त्या शनिवारची, तिसाव्या घराण्याच्या मागे: 'वर्ष सहावं. सगळे वाचून झाले. तपासायचे आहेत.'

माझ्या बेलव्ह्यूच्या अपार्टमेंटला कॉरिडॉर असा नाहीच. चोपन्न फूट इथे कुठे मावणार. मी एका वेळी एक घराणं उलगडते, टेबलावर, दोन्ही टोकांना डबे ठेवून. त्यांची पुस्तकं शर्मिलाने पाठवून दिली. शनिवारी बारा वाजता, म्हणजे त्यांच्या दोनला, मी फोन बंद करते. खुर्चीत बसून राजाचं नाव मोठ्याने वाचते, वर्षं वाचते, आधीचा, नंतरचा. मग उठून टेबलाशी येते, बोट ठेवते. वाचणारी मी, तपासणारी मी. त्यांना हे पटलं नसतं. पण निळी खूण त्यांची आहे, म्हणून मी लाल करते. पहिल्या शनिवारी तेविसावं झालं. नावं तपासली, दोन ठिकाणी वर्षांत फरक निघाला, एक त्यांचा, एक पुस्तकाचा. भांडायला कोणी नव्हतं. सगळं झाल्यावर सवयीने वाट पाहिली की आता चहा टाकतील... मग लक्षात आलं की नोंद राहिली. कागद उलटा केला आणि पेन्सिल घेऊन थांबले. त्यांनी मोजली होती ती वर्षं माझी. मी मोजली असती तर ती त्यांची असती, आणि राजा गेला की मोजणी मोडते, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. वर्ष पहिलं असं लिहायला हवं होतं, किंवा काहीच नाही. मग त्यांच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं: 'वर्ष सहावं. तपासनीस आली. सात राहिली.'